लुगड्याची खळ

आई पुढच्या दारानं आली.

त्या घरात ती सव्वीस वर्षं राबली होती. पुढचा उंबरा तिनं हजारदा सारवला असेल, पण बाहेरून आत येण्यासाठी तो कधी ओलांडला नव्हता. आम्हा लोकांना परसाचं दार होतं. मी ओसरीवर बसून गोदूताईच्या आंदणाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होते. मान वर केली तर ही उभी. डोईवरचा पदर नीट, पाय धुळीनं भरलेले, आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता उंबऱ्याच्या आत.

"माईसाहेबांना सांग, कुशाबाई आलीय," ती म्हणाली. "लेकीला न्यायला."

कुशाबाई! मला हसूच आलं असतं, पण हात चिंचेनं भरले होते आणि माईसाहेब आतच होत्या. त्या घरात ती कुशी होती. मी चांगी होते. बटकींच्या नावाला शेपूट लावायची रीत नव्हती.

बटीक म्हणजे काय हे आता माझ्या शाळेतल्या पोरींना समजावून सांगावं लागतं. त्यांना वाटतं, बटीक म्हणजे मोलकरीण. मोलकरीण संध्याकाळी आपल्या घरी जाते. बटकीला घर नसतं, गोत नसतं, आणि पोर झालं तर तेही धन्याचं. माझ्या आईला पेशवाईच्या अखेरीस, पंधराव्या वर्षी, सासरच्यांनी बदकर्माचा आळ घालून सरकारदरबारी उभी केली. सरकारनं तिला बटीक ठरवून विकली. आळ खरा होता की खोटा, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

गावाचं नाव सांगत नाही. जुन्नरच्या पलीकडं, कुकडीच्या काठावर आहे एवढं पुरे. त्या घरातले नातू-पणतू अजून तिथं नांदतात आणि माणसं वाईट नाहीत.

मी तिथंच जन्मले. गोदूताई माझ्यामागून दोन वर्षांनी. आम्ही दोघी एका अंगणात वाढलो, एका परकराचे दोन तुकडे नेसलो. तिचं नि माझं नाकही एकसारखं होतं, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे. मी माझ्या बापाबद्दल कधी विचारलं नाही, आणि गोदूताईच्या आईनं, माईसाहेबांनी, मला कधी जवळ घेतलं नाही.

मी अकरा वर्षांची असताना गोदूताईचे वडील, आबासाहेब, अंगावरून वारं जाऊन पडले. जोशीबुवांनी पत्रिका मांडून सांगितलं, एक बटीक मोकळी करा, पुण्य लागेल. लोक गाय सोडतात तशी त्यांनी आई सोडली.

त्याचा एक जुना विधी होता. अंगणात आईला उभं केलं. तिच्या खांद्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर ठेवली. आबासाहेबांना चौघांनी धरून आणलं, त्यांनी चालत्या हातानं ती घागर खांद्यावरून ओढून जमिनीवर फोडली. पाणी आईच्या अंगावरून धो धो वाहिलं. तिचा श्वास अडकला आणि मग ती हसली. मी आईला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिच्या ओल्या डोक्यावर अक्षता नि फुलं टाकून आबासाहेब अडखळत तीनदा म्हणाले की तू आता बटीक नाहीस. मग तिनं पूर्वेकडं तोंड करून निघायचं आणि मागं वळून पाहायचं नाही, असं भटजींनी बजावलं.

ती निघाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

घागर एकाच खांद्यावर होती, म्हणून मोकळीही एकच झाली. माझं काय, असं तिनं आदल्या दिवशी पाय धरून विचारलं होतं म्हणे. पुढच्या संक्रांतीला बघू, असं आबासाहेब म्हणाले, आणि संक्रांतीच्या आधीच वारले. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की माझी आई चिंब भिजून, पायांचे ओले ठसे उमटवत फाटकातून गेली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. विधी विधीच्या जागी, पण अकरा वर्षांच्या पोरीला विधी कळत नाही. मी तो राग मनात धरून बसले, आणि राग धरायला मला फार बरं वाटे.

आईनं गावाबाहेर नदीच्या उतारावर झोपडी घातली. लोकांची दळणं दळू लागली. तिच्या घागरीची एक खापरी तिनं कनवटीला बांधून ठेवली होती. कुणी हटकलं की ती काढून दाखवायची, जशी एखादा इनामदार सनद दाखवतो.

मग एकदा जुन्नरच्या बाजारात तिला कचेरीतल्या कुणाकडून कळलं, की कंपनी सरकारनं कायदा केलाय. कुणी कुणाचा बटीक नाही. धन्यानं सोडायला नको, भटजी नको, मुहूर्त नको. माणसानं उठून चालू लागायचं, आणि अडवील त्याला शिक्षा. कायदा कधी झाला म्हणून तिनं विचारलं, तर तो आईची घागर फुटली त्याच्या आदल्या वर्षीच झालेला. म्हणजे वर्षभर ती मोकळीच होती आणि मोकळेपणीच शेण थापत होती. तिला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून आईनं डोक्यात एकच घेतलं. जिथं बटकी पाणी भरतात, धुणी धुतात, तिथं ती जाऊन बसे. पाच-सहा गावांच्या पाणवठ्यांवर ती दिसायची. बायांशी हळू आवाजात बोले, आणि एखादी तयार झाली की तिचा हात धरून थेट कचेरीत नेऊन उभी करी. सहा वर्षांत अकरा जणी तिनं बाहेर काढल्या. एका घरच्यांनी तिच्या उजव्या हातावर मुसळ घातलं, त्याची दोन बोटं जन्माची वाकडी झाली. ती डाव्या हातानं दळू लागली.

सुटलेल्या बाया आधी तिच्याच झोपडीत राहायच्या. म्हाताऱ्या, आजारी, पोटुशा. गावानं त्या झोपडीला नाव ठेवलं, कुशीचं पांजरपोळ. थकल्या-टाकल्या गुरांना ठेवतात ते पांजरपोळ. माईसाहेबांच्या स्वयंपाकघरात हे नाव निघालं की सगळ्या हसत, आणि मीही हसे. मी जरा जास्तच हसे.

तर अशी ती कुशाबाई आमच्या ओसरीवर उभी होती, आणि तिच्या येण्याला कारण होतं. गोदूताईचं लग्न लहानपणीच झालेलं. आता ती शहाणी झाली होती आणि परवा तिची ग्वाल्हेरला पाठवणी होती. आंदण म्हणून भांडी, गाय, गाद्या आणि मी. नव्या सुनेबरोबर एक बटीक द्यायची ही मोठ्या घरची रीत. ग्वाल्हेर शिंद्यांच्या मुलखात. तिथं कंपनीचा कायदा चालत नव्हता.

माईसाहेब बाहेर आल्या. तांबडं आलवण, कपाळ कोरडं, चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. आईनं सांगितलं, मी कचेरीत अर्ज दिला आहे, उद्या कारकून येईल आणि मुलीची जबानी घेईल. माईसाहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, येऊ दे की, मुलीलाच विचारू, आपण कशाला भांडायचं. आणि आत गेल्या.

आई माझ्यासमोर उकिडवी बसली. घासलेल्या पातेल्यात तिचं तोंड वाकडंतिकडं दिसत होतं.

"तो एकच इचारंल," ती म्हणाली. "हितं ऱ्हायाचं का, ह्यांच्यासंगं जायाचं का. तू न्हाई म्हण. एवढंच. बाकी मी बघते."

"पण माझी घागर कुठं फुटलीय?"

"घागर लागत न्हाई गं पोरी. किती येळा निरोप धाडले तुला."

"मग तू खापरी कशाला बाळगतेस कनवटीला?"

तिचा वाकडा हात आपोआप कनवटीकडं गेला आणि तिथंच राहिला. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी पुढचं पातेलं ओढलं आणि ती जाईपर्यंत मान वर केली नाही.

त्या दुपारी माईसाहेबांनी मला माजघरात बोलावलं. त्यांच्या मांडीवर एक नवंकोरं संगमनेरी लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, घडी अजून न मोडलेली. मी जन्मात नवं लुगडं नेसले नव्हते, गोदूताईची उतरलेलीच नेसायचे. नेस म्हणाल्या. मी नेसले. खळीनं ते इतकं ताठ होतं की चालताना कागदासारखं वाजत होतं, आणि मी उगाचच दोनदा माजघरातून ओटीपर्यंत जाऊन आले.

मग त्या म्हणाल्या, "चांगे, तुझी आई मोकळी झाली तशी आज तूही हो. उगाच सरकारी माणसासमोर घराची शोभा नको. मोकळी झालीस की गोदूबरोबर जाशील ना? बटीक म्हणून नाही. पाठराखीण म्हणून. तिला तिथं तुझ्याशिवाय कोण आहे?"

गोदूताई दाराआड उभी होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते. पंधरा वर्षांची पोर, न पाहिलेल्या नवऱ्याकडं दोनशे कोस निघालेली. तिनं माझा हात घट्ट धरला. ते नाटक नव्हतं. तिला खरंच भीती वाटत होती, आणि मला तिची खरंच माया होती. हे मी आजही खोटं म्हणणार नाही.

परसात तुळशीपाशी माझा विधी झाला. भटजी परगावी गेले होते, पण यजमानीण आहे ना, असं माईसाहेब म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर घागर ठेवली आणि स्वतःच्या हातानं ओढून फोडली. खापऱ्या माझ्या पायाशी विखुरल्या. डोक्यावर अक्षता नि झेंडूची फुलं टाकून त्यांनी तीनदा म्हटलं, तू बटीक नाहीस. मी पूर्वेकडं तोंड करून उभी राहिले. गोदूताईनं एक खापरी उचलून माझ्या हातात दिली आणि मला मिठी मारली.

इथं मी एक गोष्ट गाळते आहे. ती सांगायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा तुम्हीही थोडं थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकून आला. बरोबर एक शिपाई. माणूस सरळ होता, त्याला इकडचं घेणं नव्हतं की तिकडचं देणं नव्हतं. ओसरीवर जाजम घालून तो बसला, दौत-बोरू काढला. अंगणात अर्धा गाव जमला होता, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो. आई आली. तिच्याबरोबर सगुणा होती. सगुणा पलीकडच्या आळीतल्या घरची बटीक, आम्ही एकाच पाणवठ्यावर घागरी घासायचो. दोन वर्षांपूर्वी आईनं तिला बाहेर काढली होती. आता ती आईच्या झोपडीत म्हाताऱ्या बायांची उस्तवार करायची. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी तिच्या फाटक्या पदराकडं पाहिलं आणि माझा पदर सारखा केला.

कारकुनानं नाव विचारलं. मी चांगुणा म्हणून सांगितलं. माझ्याच तोंडून माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"या घरात तुला कोणी बळानं ठेवलं आहे?"

"नाही," मी म्हणाले. "काल माझी घागर फुटली. मी मोकळी आहे."

मी मूठ उघडून खापरी दाखवली. त्यानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. कायद्याला खापरीशी काय करायचं. त्यानं विचारलं, ग्वाल्हेरला जाणार आहेस ते कुणाच्या धाकानं?

"माझ्या खुशीनं."

बोरू कुरकुरला. माझी खुशी सरकारी कागदावर उतरली.

आईनं हात जोडून एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. कारकून बरा होता, विचार म्हणाला. ती पायऱ्या चढून माझ्यासमोर आली. मला वाटलं आता रडेल, किंवा मारील. तिनं तसं काही केलं नाही. खांद्यावरचा माझा पदर दोन बोटांत धरला, त्या वाकड्या बोटांत, आणि बाजारात कापड बघतात तसा हळूच चोळला.

"भिजलीस का गं?" तिनं विचारलं. इतक्या हळू, की कारकुनाला नीट ऐकूही गेलं नसेल.

"हो," मी म्हणाले.

तिनं पदर सोडला. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खाली उतरली.

कारकुनानं तिला समज दिली, की खातरजमा केल्याशिवाय अर्ज करत जाऊ नकोस, भल्या घरांची नाचक्की होते. लोक हसले. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, हिच्या लेकीलाच हिचं पांजरपोळ नको आहे, दुसऱ्यांच्या लेकी कशाला पळवते. तेव्हा मीही हसले असेन. हसले नसले तरी मान खाली घातली नव्हती.

आई सगुणाचा हात धरून फाटकाबाहेर गेली. पूर्वेकडंच गेली, तिची झोपडी त्याच बाजूला होती. आणि या खेपेला तिनं मागं वळून पाहिलं. एकदा फाटकाशी, एकदा पिंपळाखाली, आणि एकदा नदीचा उतार लागतो तिथं. मी ओसरीवरून मोजत होते.

पुढची आठ वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. गोदूताईला ग्वाल्हेरचं पाणी मानवलं नाही. तिसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, आणि बाळही गेलं. तेरावा झाल्यावर मी तिच्या सासऱ्यांपुढं उभी राहिले. म्हटलं, आता मला आईकडं जाऊ द्या, माझी घागर फुटली आहे. खापरी पुढं केली. ते वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे हसले. म्हणाले, "आंदणात आलेली बटीक मोकळी कशी असेल? तुझ्या माईसाहेबांचं पत्र आहे माझ्यापाशी. घागर फुटली ती कारकुनासाठी, विधी झालेला नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलंय."

मी भांडले नाही. भांडायला तोंड नव्हतं. त्यानंतरची पाच वर्षं त्या घरात कशी काढली ते मी माझ्या पोरींना सांगत नाही, तुम्हालाही सांगत नाही. अंगावर खुणा आहेत, त्या लुगड्याखाली झाकल्या जातात.

मग ते बंडाचं वर्ष आलं. लष्करं शहरात शिरली, मालक मंडळी जीव घेऊन पळाली, आणि एका दुपारी मी पाहिलं तर घराचा दिंडी दरवाजा सताड उघडा. मला कुणी सोडलं नाही, कुणी अडवलंही नाही. काशीहून परतणारा दक्षिणी यात्रेकरूंचा एक जथा भेटला. त्यांची धुणी धूत, भाकऱ्या थापत मी चालत राहिले. अडीच महिन्यांनी कुकडी दिसली.

नदीच्या उतारावर झोपडी होती, पण आता एकीच्या तीन झाल्या होत्या. अंगणात दोन म्हाताऱ्या शेंगा फोडत होत्या. सगुणा बाहेर आली. केस पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं आणि दारातल्या खुंटीकडं पाहिलं. तिथं आईचं जुनं घोंगडं लटकत होतं. बस्स, मला कळलं.

पटकीनं गेली, सगुणा म्हणाली. गेल्या आषाढात. पटकीचं माणूस गावात कुणी शिवत नव्हतं, तर ही घरोघरच्या परसातनं टाकून दिलेल्या बटकी उचलून आणायची. चौघी वाचल्या. पाचवीच्या वेळी तिलाच लागलं. माझ्या जबानीनंतर दोन वर्षं एकही बाई तिच्याबरोबर यायला तयार झाली नव्हती. पाणवठ्यावर ती बसली की बाया घागरी उचलून जायच्या. तरी ती बसायची. तिसऱ्या वर्षी एक आली, मग हळूहळू आल्या. शेवटी शेवटी गावातली एक-दोन सवर्ण घरंही तिला धान्य धाडू लागली होती. एकूण तीस झाल्या, सगुणा म्हणाली. मी एकतिसावी.

मी दारात बसले. रडू आलं नाही, ते नंतर पुष्कळ आलं. समोर दाराशी एक घागर होती, पाण्यानं भरलेली, काठाशी ओलसर. मला एकच सुचलं. मी उठले, पदर खोचला, पूर्वेकडं तोंड केलं.

"सगुणाबाई," मी म्हणाले, "ती घागर माझ्या खांद्यावर फोड. आई असती तर तिनं फोडली असती. त्यांनी मला फसवलं गं."

सगुणा जागची हलली नाही.

"तुला कुणी फसवली न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आयेला सगळं ठावं व्हतं. लुगड्याची खळ तशीच व्हती."

आता ती गाळलेली गोष्ट. माईसाहेबांनी माझ्या खांद्यावर ठेवली ती घागर रिकामी होती. कुंभाराकडून आणलेली, पाण्याचा थेंब न लागलेली. खांद्यावर ठेवताच मला कळलं. भरलेल्या घागरीचं वजन ज्या पोरीनं रोज वाहिलंय तिला ते न कळेल? ती फुटली तेव्हा खळकन वाजली, पाणी पडलं नाही, माझं लुगडं कोरडंच राहिलं आणि कागदासारखं वाजत राहिलं. माईसाहेबांची श्रद्धा खरी होती. पाणी सांडलं असतं तर मी देवाच्या दारी खरंच मोकळी झाले असते, आणि मग मला आंदणात देणं हे पाप झालं असतं. ते पाप त्यांना नको होतं, म्हणून घागर रिकामी. त्यांनी कारकुनाला फसवलं, देवाला फसवलं नाही.

आणि मी गप्प राहिले. कुणाच्या धाकानं नाही. त्या हिरव्या लुगड्यासाठी, गोदूताईच्या मिठीसाठी, आणि खरं सांगायचं तर त्या झोपडीला मी भीत होते म्हणून. मला मोकळं व्हायचं होतं, पण आईसारखं नव्हतं व्हायचं. लोकांनी जिला हसावं अशी बाई मला व्हायचं नव्हतं. कायद्याला खापरी नको होती, पाणी नको होतं, माझा एक शब्द हवा होता. तो माझ्या तोंडात होता, आणि मी दुसराच काढला.

"तिला कळलं होतं, तर कारकुनापुढं बोलली का नाही?" मी विचारलं.

"मीबी हेच इचारलं व्हतं. ह्याच उतारावर. ती म्हणाली, मी बोलले असते, वढून आणली असती, तर पोर माझी बटीक झाली असती. तिची ती येऊ दे." सगुणानं डोळे पुसले. "रोज सकाळी ही घागर भरायची. तुझी म्हणून. संध्याकाळी त्या म्हाताऱ्यांच्या अंघोळीला वतायची, पुन्हा सकाळी ताजी. आठ वरसं. ती गेल्यावर मी भरते."

"मग फोड ना."

"न्हाई फोडणार. जाताना तिनं वचन घेतलंय माझ्याकडून. म्हणाली, चांगुणा आली की घागर फोड म्हणंल. फोडू नगंस. फुटक्या घागरीवर इस्वास ठिवूनच पोर ग्वाल्हेरला गेली. भरलेली घागर तिच्या हातात दे, म्हणावं, पाणी पी."

सगुणानं घागरीवरचं झाकण काढलं. ते झाकण म्हणजे एक जुनी खापरी होती, कडा झिजून गुळगुळीत झालेली. मी ती ओळखली. माझ्या जबानीच्या दिवसापासून आईनं ती पुन्हा कनवटीला बांधली नाही, कुणाला दाखवली नाही, पाण्यात कचरा पडू नये म्हणून घागरीवर ठेवायला घेतली, असं सगुणानं सांगितलं.

मी ओंजळ धरली. तिनं पाणी ओतलं. मी प्याले.

माझी खापरी मी नदीत टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत घागर घेऊन पाणवठ्यावर गेले. पाच वर्षांची असल्यापासून पाणी भरत आले होते, पण कुणाच्या तरी घरचं. काठोकाठ भरली, खांद्यावर घेतली आणि उतार चढायला लागले. अंगावर यात्रेकरूंनी दिलेलं जुनेर होतं. पावलागणिक पाणी हिंदकळत होतं, आणि झोपडीशी पोचेपर्यंत मी खांद्यापासून पायापर्यंत भिजले होते.